डावीकडे कललेला जिल्हा

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातली म्हातारी माणसं डावीकडे कलतात, हे सिद्ध झालं. सिद्ध झालं म्हणजे नागपूरच्या एका परिषदेत तसा निबंध वाचला गेला, त्याला बक्षीस मिळालं आणि डॉ. पियुष यांचा शाल पांघरलेला फोटो पेपरात आला. तपासलेल्या जवळजवळ सगळ्याच म्हाताऱ्यांचा तोल डाव्या अंगाला जातो, असं त्यात लिहिलं होतं. कारण बहुधा हे, की इथल्या बाया जन्मभर डाव्या कडेवर घागर आणि लेकरू वागवतात. पुरुष का कलतात, ते पुढच्या निबंधात येणार होतं.

त्या कललेल्यांत मीही होते.

माझं नाव अन्नपूर्णा, पण ते आता बँकेत आणि मतदार यादीतच उरलं आहे. गावात मला सिस्टर म्हणतात. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा दोन वेण्या घालत होते. नोकरीत असतानाच जवळच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर बांधलं. पुढे अश्वजितचे बाबा गेले, अश्वजित शिकून पुण्याला गेला, आणि मी तिथेच राहिले. मी जन्माच्या वेळी ज्यांना उलटं धरून रडवलं, ती पोरं आता नातवंडांना घेऊन रस्त्यात मला थांबवतात आणि सांगतात, ह्या सिस्टर, पाया पड. नातवंडं कंटाळलेल्या तोंडानं वाकतात. मला ते फार आवडतं. पुण्याला अश्वजितच्या इमारतीत लिफ्टमधली माणसं एकमेकांकडे न बघता आकड्यांकडे बघतात. तिथे मी महिनाभर राहून आले आहे. सून चांगली आहे, खोली हवेशीर आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. वाईट काहीच नाही. पण तिथे मी कोणाचीच सिस्टर नाही.

मे महिन्यात मी न्हाणीघरात घसरले. पायाखाली साबण आला, एवढंच. हाड मोडलं नाही, पण लगेच उठवेना, म्हणून भिंतीला टेकून बसले. त्याच वेळी बाहेर फोन वाजायला लागला. अश्वजित रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी फोन करतो. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मी आतून त्याला ओरडून सांगत होते की मी बरी आहे, जणू त्याला ऐकू जाणार होतं. शेवटी त्यानं शेजारच्या शकुबाईला फोन लावला. ती रेशनच्या रांगेत होती. तिनं येऊन मला उठवलं, चहा करून दिला आणि मग त्याला कळवलं, तोवर तो स्टेशनच्या वाटेला लागला होता. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे पाहून मला माझ्या पडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

आता एकटीनं राहायचं नाही, असं त्याचं म्हणणं. पडायला काय, पुण्यातही साबण असतो, असं माझं. दोन-तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फार प्रेमानं भांडलो. मग त्यानं तोडगा काढला. तो कॉम्प्युटरमधला माणूस. त्याला आईचं म्हणणं पुरत नाही, आकडा लागतो. वर्ध्याबाहेर एका ट्रस्टनं नवं तोल केंद्र काढलं आहे, तिथे तपासून घेऊ, म्हणाला. दिवाळीपर्यंत तिथला रिपोर्ट हिरवा आला तर मी माझ्या घरी राहायचं. लाल आला तर पुणे. मी कबूल झाले, कारण उभं राहणं मला येतं अशी माझी समजूत होती.

ते केंद्र मला नवं नव्हतं. त्याच्या उद्घाटनाला जुन्या नर्स म्हणून आम्हाला बोलावलं होतं, आणि मी शकुबाईला सोबत नेलं होतं. केंद्राचं मुख्य आकर्षण म्हणजे सहा पायांचं यंत्र. एक मोठा लोखंडी पाट, आणि त्याच्या पोटाखाली सहा तिरपे पाय. प्रत्येक पायाला मोटार आहे, ती त्याला लांब किंवा आखूड करते, त्यामुळे पाट हव्या त्या अंगाला झुकतो, वर-खाली होतो, वळतो. म्हातारं माणूस कमरेला पट्टा बांधून त्यावर उभं करायचं. पाट हळूहळू हलतो आणि माणसाचं वजन कुठे पडतं ते समोरच्या पडद्यावर ठिपक्यानं दाखवतो. पडद्याच्या मधोमध एक हिरवं वर्तुळ आहे. ठिपका त्यात राहिला तर तोल ठीक. बाहेर गेला की ठिपका लाल होतो. जवळच्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजनं ते बनवलं होतं, आणि एका वेळी एकाच माणसानं चढायचं असं कॉलेजच्या सरांनी भाषणात सांगितलंही होतं.

पण उद्घाटनाच्या दिवशी त्या पाटावर लाल गालिचा अंथरला होता, भोवती रांगोळी होती, कडेनं झेंडूच्या माळा होत्या. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमात जी जागा जमिनीपेक्षा उंच आणि गालिचा घातलेली असते, ती पाहुण्यांची. यात कोणाचा दोष नाही, सवय आहे. फीत कापली, आणि ट्रस्टचे अध्यक्ष बापूराव सरळ पाटावर चढले. ते एकटे कसे राहतील, म्हणून त्यांनी आमंत्रित पाहुण्यांना वर घेतलं. पाहुण्यांनी आपापल्या भावाला, व्याह्याला वर घेतलं. सगळी खात्यापित्या घरची माणसं. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून वर केले आणि फोटो निघाले. पाटाखालून काहीतरी बारीकसं कडकडलं. कॉलेजचे सर पुढे झाले, दोनदा खोकले आणि मागे आले. चढलेल्या पाहुण्याला खाली उतरा म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

तर त्या यंत्रावर मी जूनमध्ये उभी राहिले. आमच्या वेळी तोल पाहायची रीत सोपी होती. रुग्णाला पाय जुळवून उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचे, आणि त्याच्या मागे नर्सनं दोन्ही हात पसरून उभं राहायचं. अशी मी किती जणांच्या मागे उभी राहिले असेन. बहुतेक जण पडत नसत. मागे कोणीतरी आहे एवढं कळलं की माणूस उभा राहतो. आता मागे कोणी नसतं, पट्टा असतो. तपासणीच्या वेळी पडदाही रुग्णाकडे पाठ करून फिरवलेला असतो, म्हणजे ठिपका बघून लबाडी करता येत नाही. मी सरळ उभी राहिले. केंद्राचे डॉ. पियुष पडद्याकडे बघून मान हलवत होते.

डावीकडे, म्हणाले. बरंच डावीकडे.

मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी तर सरळ उभी आहे. ते हसले. मुलगा गोड आहे, बोलतोही अदबीनं.

“सिस्टर, रुग्णाला नेहमी सरळच वाटतं.”

ताप नाही म्हणणाऱ्या माणसाच्या काखेत थर्मामीटर लावून त्याला खोटं पाडण्यातच माझा जन्म गेला. रुग्णाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि थर्मामीटरचं लिहायचं, हे मीच नव्या पोरींना शिकवलं होतं. तेव्हा मी डावीकडे कलते हे मी मान्य केलं. घरी येऊन आरशात पाहिलं तर खरंच थोडी डावीकडे वाटले. आरसा खिळ्यावर तिरका होता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

व्यायाम सुरू झाला. आठवड्यातून दोनदा केंद्राची गाडी येऊन वस्तीतल्या आम्हा म्हाताऱ्यांना घेऊन जाई. शिकवताना पडदा समोर असे, आणि अंग उजवीकडे रेटत रेटत ठिपका वर्तुळात आणायचा. घरीही तेच करायचं. भांडी घासताना उजव्या पायावर वजन, अंगण झाडताना उजव्या पायावर, बसची वाट पाहताना उजव्या पायावर. मी सगळं मन लावून केलं. शकुबाईनं काहीच केलं नाही. तिलाही डावीकडे काढलं होतं, पण ती केंद्रात यायची ती तिथल्या गार हवेसाठी आणि चहासाठी.

“मले नाई जमत थे उजवीकडं झुकणं,” ती डॉक्टरांना तोंडावर सांगायची. “मी आपली उभी राह्यते. त्या ठिपक्याले जिकडं जायचं तिकडं जाऊ द्या.”

डॉक्टर तिच्या कागदावर ‘सहकार्य नाही’ असं लिहीत. माझ्या कागदावर दर महिन्याला ‘उत्तम प्रगती’. ऑगस्टमध्ये ठिपका वर्तुळाच्या जवळ आला. सप्टेंबरमध्ये रेघेला लागला. दसरा आला तेव्हा मात्र मी हिरमुसले. छप्पन साली वडिलांचं बोट धरून नागपूरला गेले होते, तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमी सहसा चुकवली नाही. यंदा अश्वजितनं फोनवर शपथ घातली. डावीकडे कलणाऱ्या बाईला एवढ्या गर्दीत कोण नेणार, म्हणाला. घरीच वंदना केली, उजव्या पायावर उभं राहून.

आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, शुक्रवारी, ठिपका वर्तुळात गेला. रंगीत तालीम म्हणून डॉक्टरांनी पडदा फिरवून तपासलं, तरी हिरवा. सोमवारी पक्का रिपोर्ट काढू, म्हणाले, मुलालाही बोलवा. त्या रात्री मी अश्वजितला सांगितलं की ये, आणि येताना मी येणार म्हणून तू पुण्याला घेऊन ठेवलेली गादी परत करता येते का बघ.

सोमवारी अश्वजित आणि मी केंद्रात पोचलो तर यंत्राच्या खोलीत एक मुलगी खिडक्यांना काळे पडदे लावत होती. काजल तिचं नाव. यंत्र ज्या कॉलेजनं बनवलं तिथेच ती पुढचं शिकत होती, आणि वर्ष झालं म्हणून कॉलेजनं तिला यंत्राची तपासणी करायला पाठवलं होतं. गाव विचारलं तर तळेगाव निघालं, श्यामजी पंताचं. माझं माहेरही तेच. तिच्या आजोबांचं, नत्थूजींचं, शेत आमच्या शेजारी होतं असं मी सांगितलं, आणि ती जी मला आजी म्हणायला लागली ती आजतागायत.

डॉ. पियुष म्हणाले, तपासणी काय, औपचारिकता आहे, सिस्टरांचा रिपोर्ट आधी काढून घेऊ. मी चप्पल काढलीसुद्धा. पण अश्वजितनं हात आडवा केला. कॅलिब्रेशन व्हायचं असेल तर ते आधी झालं पाहिजे, म्हणाला. यंत्र बरोबर दाखवतं की नाही हेच ठाऊक नसेल तर रिपोर्टाला अर्थ काय? एवढं योग्य बोलणं ऐकून मला त्याच्या शिक्षणाचा अभिमान वाटला. मी चप्पल परत घातली.

काजलनं दोन तिवयांवर दोन कॅमेरे लावले. पाटावर बसवायला तिनं एक पांढरा फलक आणला होता, त्यावर बुद्धिबळासारखे काळे-पांढरे चौकोन. तेवढ्यात केंद्राच्या माणसांनी नवं साधन आलं म्हणून त्या फलकावर हळदीकुंकवाची बोटं लावली. तिनं ती पुसली, तर पांढऱ्या चौकोनांवर गुलाबी डाग पसरला. कॅमेरा चौकोनांचे कोपरे मोजतो, म्हणाली, त्याला हा डागही कोपरा वाटेल. सुदैवानं तिच्या पिशवीत दुसरा फलक होता. तो तिनं कोणाच्या हातात दिला नाही. आधी तिनं फलक नुसता हातात धरून कॅमेऱ्यांपुढे सगळ्या बाजूंनी फिरवला. यंत्र मोजायच्या आधी कॅमेरे पारखून घ्यावे लागतात, असं म्हणाली. मला थर्मामीटर झटकणं आठवलं. मग फलक पाटावर घट्ट बसवला आणि आम्हाला भिंतीशी बसवलं.

“आजी, आता कोणी हलू नका बरं. जमीन हलली का कॅमेऱ्याले वाटते पाट हलला.”

पाट झुकला, थांबला. कॅमेऱ्यांनी बघितलं. पाट वळला, थांबला. कॅमेऱ्यांनी बघितलं. असं सकाळभर चाललं. मधे एकदा चहा आला, तो आणणाऱ्याच्या पावलांनी दोन मोजण्या वाया गेल्या. एकदा डॉक्टर फोटोसाठी कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, तेव्हा कॅमेऱ्यांना काही क्षण डॉक्टर मोजावे लागले. मी काजलला विचारलं की यातून नेमकं कळतं काय.

“यंत्राले वाटते आपण इथी आहो,” ती म्हणाली. “कॅमेरा म्हणते, नाई, तू तिथी आहे. दोघायचं जुळवून पाह्याचं. सहा पायांपैकी कोणता पाय किती खोटा बोलते थे त्यातून निघते.”

जेवणाच्या सुमाराला तिच्या लॅपटॉपवर ते निघालं. तिनं पुन्हा सगळं तपासलं. चार पाय ठीक होते. डाव्या अंगाचे दोन पाय पाटाशी जिथे जोडले आहेत तिथे दबलेले होते. यंत्र स्वतःला सपाट समजत होतं तेव्हा पाट खरोखर डावीकडे उतरता होता. म्हणजे त्यावर कोणीही उभं राहिलं तरी त्याचं वजन डावीकडेच पडणार. शंभर माणसं उभी करा, शंभर डावीकडे.

काजलनं डॉक्टरांना विचारलं की यावर कधी फार जड काही ठेवलं होतं का. डॉक्टर म्हणाले, छे, एका वेळी एकच रुग्ण, तसा नियमच आहे. शकुबाई त्या दिवशीच्या गाडीनं आली होती आणि दारात बसून बिस्किट खात होती. ती म्हणाली,

“काऊन नाई? उद्घाटनाच्या दिवशी बापूरावजी अन् सारे पाव्हणे नव्हते का चढले? हात वर करून फोटो काढला होता नं. मी अन् सिस्टर खालीच तं उभ्या होतो.”

डॉक्टर म्हणाले की ते दोनच मिनिटं चढले होते. काजलनं कागदावर लिहायला घेतलं, थांबली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. डॉक्टरांनी बराच विचार करून सांगितलं, वाहतुकीत बसलेला धक्का. यंत्र त्या खोलीत बसवल्यापासून वीतभरही हललं नव्हतं. पण वाहतूक कोणाची नातेवाईक नसते, तेव्हा तेच लिहिलं गेलं.

दुरुस्ती मला वाटली होती तेवढी अवघड नव्हती. पाय सरळ करायची गरज नाही, काजल म्हणाली, यंत्राला त्याचे पाय खरे कसे आहेत ते सांगायचं, मग ते आपलं आपण सांभाळून घेतं. वाकडेपणा तसाच राहतो, फक्त तो यंत्राला माहीत असतो. तिनं नवे आकडे भरले, पाट पुन्हा उभा-आडवा करून कॅमेऱ्यांनी पारखला, आणि म्हणाली, आता खरं बोलते.

आधी शकुबाईला उभं केलं. पडदा फिरवला. ती पदर खोचून उभी राहिली, नेहमीसारखी. ठिपका हिरव्या वर्तुळाच्या बरोब्बर मध्ये. तिनं खाली उतरून विचारलं की झालं असेल तर चहा घेऊ का.

मग मी. चार महिन्यांत अंगात जे मुरलं होतं, तसं मी उभी राहिले. खरं सांगायचं तर मला अगदी सरळ वाटत होतं. पडद्यापलीकडे अश्वजितचा चेहरा दिसत होता आणि तो पडत चालला होता.

उजवीकडे. बरंच उजवीकडे, आणि लाल.

अश्वजित पहिल्यांदा डॉक्टरांवर उखडला. माझी आई सरळ होती आणि तुम्ही तिला वाकडी केलीत, असं त्यानं त्यांना स्वच्छ सुनावलं. डॉ. पियुष क्षणभर पांढरे पडले. पण माणूस संशोधक आहे. माझा ठिपका पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांत चमक आली. ते म्हणाले की याकडे दुसऱ्या बाजूनंही बघता येईल. धडधाकट माणसाला जर या व्यायामानं एवढं कलवता येतं, तर व्यायाम परिणामकारक आहे हे सिद्ध होतं. शकुबाईंनी व्यायाम केला नाही, त्या जिथल्या तिथे राहिल्या. तुलनेला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. ते वही शोधायला आत गेले.

आम्ही मायलेक बाहेर बाकावर बसलो. अश्वजित म्हणाला, चल आई, पुण्याला. सामान मी पाठवून घेतो.

मी म्हटलं, “काऊन रे? दिवाळीपर्यंत हिरवा आला तं राहाचं, असं ठरलं होतं नं आपलं?”

“आला नाही ना हिरवा.”

“शुक्रवारी आला होता.”

“तेव्हा मशीन चुकीचं होतं.”

“मंग जूनमध्ये लाल आला थेही चुकीचंच. बेरीज-वजाबाकी तुलेच जास्त येते, सांग मले, यात माही चूक कोणती?”

तो बाकाची पट्टी नखानं खरवडत राहिला, लहानपणी खरवडायचा तशी. मग म्हणाला,

“आई, त्या ठिपक्याचं मला काही नाही गं. सकाळी फोन वाजतच राहतो ना, तेव्हा मला तू न्हाणीत दिसतेस. रोज. उचललास की मगच मी चहा पितो.”

हे त्यानं मे महिन्यात सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी गादी पसरायला पुण्याला गेले असते. आता मात्र माझ्यात वर्धा जिल्ह्याच्या संशोधनाचे चार महिने मुरले होते. मी त्याला म्हटलं की उद्यापासून फोन न्हाणीघरात नेईन, पॉलिथिनच्या पिशवीत घालून खुंटीला टांगीन. तो हसला, पण पुण्याचं काही सोडेना. हिरवा असो की लाल, त्याला आता कारणाची गरज उरली नव्हती. मी सरळ असेन तर प्रवास झेपेल म्हणून चल, वाकडी असेन तर पडशील म्हणून चल.

तेवढ्यात काजल तिवया आवरून बाहेर आली. तिनं आमचं किती ऐकलं होतं कोणास ठाऊक. ती अश्वजितसमोर उभी राहिली आणि मास्तरणीच्या आवाजात शुद्ध भाषेत बोलायला लागली. म्हणाली, दादा, आजींचं अंग या पाटावर उजवीकडे शिकलंय. ते याच पाटावर उलटं शिकवावं लागेल. आता याचे पाय कसे आहेत ते आपल्याला माहीत आहे, दुसऱ्या कुठल्या यंत्राचे माहीत नाहीत. पुण्याला नेऊन मध्येच सोडलं तर त्या अशाच राहतील. असं यंत्र तिथे आहे का, हे त्यानं विचारलं. आमच्या कॉलेजनं एकच बनवलंय, ती म्हणाली. वही घेऊन परतलेल्या डॉ. पियुष यांनी तर उपचार अर्धवट सोडणं धोक्याचं आहे असं लेखी द्यायची तयारी दाखवली. मी गेले असते तर त्यांचा पुढचा निबंधही गेला असता.

अश्वजित रिपोर्ट मानणारा माणूस आहे. त्यानं विचारलं, किती दिवस? ठिपका हिरव्यात येईपर्यंत, काजल म्हणाली. मग त्यानं माझ्याकडे वळून नवा करार केला. उपचार पूर्ण होईपर्यंत मी सेवाग्रामला राहायचं. ज्या दिवशी ठिपका हिरव्यात येईल त्या दिवशी तो मला घ्यायला येणार. मी मान डोलवली. सकाळपर्यंत ज्या हिरव्यानं मी घरी राहणार होते, त्याच हिरव्यानं आता घर सुटणार होतं. पण हे त्याच्या लक्षात आणून देणं मला बरं वाटलं नाही. दिवसभराचा थकला होता.

त्यानंतर दिवाळी झाली, थंडी पडली. केंद्राची गाडी येते, मी जाते. वस्तीतले बाकीचे मन लावून व्यायाम करणारेही आता उजवीकडचे निघाले आहेत, आणि डॉ. पियुष यांचा नवा निबंध तयार आहे. वेळेवर उपचार झाल्यास डावीकडे कललेला वृद्ध माणूस मध्य ओलांडून पलीकडेही जाऊ शकतो, असं त्यात आहे. पुरुष का कलतात हा प्रश्न त्यामुळे आपोआपच मिटला. बापूरावांनी दुसऱ्या यंत्रासाठी जागा बघितली आहे. त्याच्या उद्घाटनाची तारीख ठरायची आहे.

मी आता पडद्याशिवायही सांगू शकते की ठिपका कुठे आहे. अंगठ्यावर थोडं वजन टाकलं की तो पुढे जातो, टाचेवर टाकलं की मागे, आणि उजवा गुडघा केसभर सैल सोडला की हिरव्याकडे सरकतो. मी तो गुडघा सोडत नाही.

परवा काजल यंत्र पाहायला पुन्हा आली होती. कॅमेऱ्यांचं काम उरकल्यावर तिनं माझे जुने आलेख उघडले आणि बोटानं एकेक बघत बसली.

“आजी, हा ठिपका पाह्यला का तुमी? महिनाभर एकाच जागी आहे. वर्तुळाच्या रेघेले लागून, पण बाहेर. मी कॉलेजातले जवान पोरं उभे केले या पाटावर. त्यायचा बी इतका गुमान राह्यत नाई.”

मी विचारलं, “मंग वाईट आहे का?”

तिनं माझ्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं.

“रंग तं लालच आहे,” म्हणाली, आणि रिपोर्ट छापायला लावला.

तिनंच तो अश्वजितला फोनवर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातल्या खुंटीवर पिशवी वाजायला लागली. मी ओल्या हातानं उचलला. अजून लालच आहे म्हणे, तो म्हणाला. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

“हाव रे बाबा,” मी म्हटलं. “सुधारून राह्यलं हळूहळू. घाई करू नका म्हणतात डॉक्टर.”